पोटाचं पोटाच्या डॉक्टरांना

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. भेटायला येणारे कमी झाले आहेत, घर शांत झालं आहे, आणि तेव्हा जे नीट पाहायलाही उसंत नव्हती ते आता सावकाश लिहून काढतो आहे. मी जन्मभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. हळू बोलायची सवय तिथली. माझी बायको मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. त्यामुळे घरात ऐकू येईल असं बोलण्याचं काम पहिल्यापासून तिच्याकडे होतं.

आमच्या नात्यागोत्यात पन्नाशीच्या बाईच्या कुठल्याही तक्रारीला एकच निदान ठरलेलं असे : वय. गुडघा दुखला, वय. झोप लागली नाही, वय. दुपारी झोप लागली, तर तेही वयच. पुरुषांना वय होत नसे. त्यांना दगदग होत असे. त्यामुळे बोलता बोलता हिचा चेहरा आणि गळा एकदम लाल व्हायला लागला, तेव्हा कुणाला डॉक्टरची गरज वाटली नाही. लाली यायची, थोडा वेळ थांबायची आणि आल्यासारखी उतरायची. एका लग्नात विहीणबाईंनी तिचा हात धरून विचारलं, "काय तेज आलंय हो चेहऱ्यावर! लावता तरी काय?"

"नववीचा वर्ग घ्या," ती म्हणाली, "आपोआप येतं."

दुसरी तक्रार पोटाची. दिवसातून कितीदा तरी तिला धावावं लागे. याचंही निदान घरबसल्या झालं : बाहेरचं खाणं. तिने बाहेरचं सोडलं, मग दूध सोडलं, मग तिखट सोडलं; पोटाने तिला सोडलं नाही. भूगोलाच्या बाई असल्यामुळे कोथरूडपासून शनिवार पेठेपर्यंत कुठे स्वच्छ सोय आहे याचा एक नकाशा तिच्या डोक्यात तयार झाला होता, आणि आमचं फिरणं त्या नकाशावरून चाले. प्रेक्षणीय स्थळं वाटेत आली तर आली.

शेवटी ती दोन डॉक्टरांकडे गेली. पोटाच्या डॉक्टरांनी आतडं हळवं असल्याचं सांगितलं आणि ताण घेऊ नका म्हणाले. ते ज्या स्वरात म्हणाले त्याचाच ताण तिला आठवडाभर पुरला. बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्याची लाली वयाच्या खात्यावर टाकली. आता कुणालाही वाटेल, की एवढी शिकलेली बाई पोटाच्या डॉक्टरांना चेहऱ्याचं आणि डॉक्टरीणबाईंना पोटाचं सांगणार. तिने सांगितलं नाही. शाळेत इतकी वर्षं वेळापत्रकाप्रमाणे जगलेली ती बाई. गणिताच्या तासाला भूगोल काढायचा नाही, हा तिचा धर्म होता. पोटाचं पोटाच्या डॉक्टरांना, बायकांचं बायकांच्या. शिवाय आमच्याकडे एका डॉक्टरसमोर दुसऱ्या डॉक्टरचा विषय काढणं म्हणजे एकाच्या पंगतीला बसून शेजारच्यांच्या आमटीचं कौतुक करणं. बोलायचं ते विचारलं तेवढंच, आणि उठताना 'आपला फार वेळ घेतला' म्हणायचं. या सभ्यतेचा आम्हा दोघांनाही थोडा अभिमानच होता.

मग एके दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अहो, माझ्या डाव्या स्तनात गाठ लागतेय."

हा शब्द मी घरात मोठ्याने उच्चारलेला प्रथमच ऐकला. कोथरूडच्या सुशिक्षित घरांत तो शब्द दवाखान्यातल्या माहितीपत्रकापुरता राखून ठेवलेला असतो. एरवी 'छाती' म्हणतात, आणि बायका बायकांत नुसतंच 'तिथे'. माझी थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि कर्ज बुडवणाऱ्यांशी कडक भाषेत बोलायची. पण तिचा फोन आला तो असा :

"अगं, तिथे काहीतरी झालंय म्हणे?"

"कुठे, वन्सं?"

"अगं, तिथे."

"भूगोलात 'तिथे' नावाची जागा नसते, वन्सं. डाव्या स्तनात झालंय."

पलीकडे अक्काने बहुधा आजूबाजूला पाहिलं असावं. मग ती म्हणाली, "बरं. मी रजा टाकते."

सर्जन तरतरीत, हसतमुख आणि कायम घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी गाठ तपासली, सुईने तिचा तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल आला : कॅन्सर. त्यांनी आम्हाला समोर बसवून कागदावर एक सुबक गोल काढला, त्यात एक ठिपका काढला आणि गोलावर आडवी रेघ मारली. डावा स्तन काढायचा. मग केमो. पुढच्या आठवड्यातला गुरुवार त्यांच्याकडे मोकळा होता. रेल्वेचं आरक्षण मिळाल्यासारखं आम्ही त्यांचे आभार मानले.

"आईला होता का असा आजार? बहिणीला?"

"नाही."

"पाळी थांबली?"

"हो."

"आणखी काही?"

"नाही," ती म्हणाली.

खाली येताना मी म्हणालो, "पोटाचं सांगायचं होतंस ना."

"ते काय पोटाचे डॉक्टर आहेत? उगीच त्यांचा वेळ." तिचा चेहरा तेव्हाही लाल झाला होता. मी तो रडू आवरल्यामुळे झाला असं समजलो.

त्यानंतरचे दिवस नातेवाइकांचे होते. या आजाराचं एक सुख असं, की प्रत्येकाच्या ओळखीत एक बाई असतेच. "आमच्या शेजारच्या बघा, काढून टाकला, आता सिंहगड चढतात." "आमच्या साडूंची बहीण, आता नातवंडं सांभाळते." सगळ्या बाया काढून टाकल्यावर काहीतरी चढत तरी होत्या किंवा सांभाळत तरी होत्या. कुणी गव्हांकुरांचा रस आणला, कुणी मंत्र. मोबाईलवरच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सहापासून गुलाबाची फुलं आणि धीराची वाक्यं येऊ लागली. अक्काने घरी येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि ऑपरेशननंतर भेटायला कुणी कधी यायचं याच्या पाळ्या लावल्या. हिच्याशी मात्र कुणी फार बोलत नसे. तिला विश्रांती हवी म्हणून सगळे तिच्याच खोलीत बसून एकमेकांशी बोलत.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती एकदा मला म्हणाली, "एवढ्या घाईने माझं काहीतरी कापून टाकणार आहेत. ते नक्की काय आहे हे मला कळायला हवं. जगेन की नाही ते नंतर बघू." तिला मरणाची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. पण चुकीच्या उत्तरासाठी मार्क कापले जाणं तिला त्याहून सहन होत नसे.

ऑपरेशनच्या आधी गाठीच्या त्याच तुकड्यावर काही जादा तपासण्या करायच्या होत्या. त्यासाठी तो शनिवार पेठेतल्या एका लॅबकडे गेला होता. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंचा मला फोन आला. या डॉक्टर पेशंट कधी बघत नाहीत. त्यांच्याकडे फक्त काचेवरचा पातळ काप जातो आणि तो त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

"पेशंटना घेऊन येता का?" त्या म्हणाल्या.

"काही गडबड आहे का?"

"ते बघायलाच बोलावते आहे. या."

लॅब दुसऱ्या मजल्यावर होती आणि जिना उभा. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या त्या बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि हिच्याकडे बघत राहिल्या. हिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हे कशाने?"

"जिना चढून आले," ही म्हणाली.

"यजमानही चढून आले. ते तर पांढरे पडलेत."

मी मदत म्हणून म्हणालो, "वय झालंय, तिला होतं असं मधूनमधून."

"वय असं येतं-जातं का हो?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "लाल होतं तेव्हा घाम येतो?"

हिने आठवून पाहिलं. "नाही. कोरडाच असतो चेहरा."

"पोट कसं आहे?"

माझी बायको सावध झाली. "ते आपल्या विषयात येतं का?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुम्ही शिक्षिका का?"

"भूगोल."

"तरीच. हे बघा, बाई, माझ्याकडे वेळापत्रक नसतं. पोटाचं सांगा."

मग तिने सांगितलं. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या तासांना वेगवेगळ्या वहीत लिहिलेलं सगळं तिने एका बैठकीत सांगितलं : पोट, चेहरा, मधूनच होणारी छातीतली धडधड, जी कुठल्या डॉक्टरांची हे न ठरल्यामुळे तिने कुणालाच सांगितली नव्हती. मलाही नाही. पॅथॉलॉजिस्ट बाई ऐकत होत्या आणि मधून मधून 'हं' म्हणत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी हिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"बघा. तुमचंच आहे."

ही बराच वेळ डोळा लावून बसली. "वस्त्या दिसताहेत," ती म्हणाली. "नदीकाठी एकसारखी घरं असावीत तशा."

"बरोबर. स्तनाचा नेहमीचा कॅन्सर इतका शिस्तीत नसतो सहसा. आणि तो तिथलाच असेल, तर आसपासच्या दूधनळ्यांत त्याची सुरुवात कुठेतरी दिसते. इथे तसं काहीच दिसत नाही. ही मंडळी एकदम येऊन बसल्यासारखी वाटतात. म्हणून मला शंका आली." मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीरात काही पेशी अशा असतात की त्यांची नाळ मज्जातंतूंशीही आणि हार्मोनशीही जुळलेली असते. त्यांच्यापासून गाठ झाली तर तिला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. अशी गाठ कधी कधी रक्तात रसायनं सोडते, आणि त्यांनी चेहरा लाल होतो, पोट चालतं, छाती धडधडते. ती स्तनात सापडणं फार क्वचित. सापडली तर दोन शक्यता : ती तिथेच जन्मली किंवा दुसरीकडे जन्मून तिथे आली. नुसत्या दिसण्यावरून ती स्तनाच्या साध्या कॅन्सरमध्ये सहज खपून जाते. बाईंनी वेगवेगळे रंग देऊन पाहिले होते. न्यूरोएंडोक्राइन पेशींना धरणारे रंग चढले होते. स्तनाच्या पेशींची ओळख पटवणारा रंग चढला नव्हता. आतड्याच्या पेशींचा चढला होता.

"म्हणजे ही गाठ बाहेरून आलीय?" हिने विचारलं.

"माझा तसा संशय आहे. खात्री स्कॅन करून होईल."

"आणि गुरुवारी जे काढणार आहेत?"

"ते काढून मूळ तसंच राहील. पोट चालूच राहील, चेहरा लाल होतच राहील, आणि लोक म्हणतील वय झालंय." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "सर्जनना मी फोन करते. पण चिठ्ठीत फक्त 'छातीत गाठ' एवढंच होतं, म्हणून म्हटलं आधी माणूस बघावा."

जिना उतरताना ही म्हणाली, "बाई हुशार आहेत." तिच्याकडून एवढं प्रशस्तिपत्र मला लग्नानंतर एकदाच मिळालं होतं, तेही गॅसची शेगडी दुरुस्त केल्यावर.

दुसऱ्या दिवशी सर्जननी आम्हाला बोलावून घेतलं. ते हसतमुख नव्हते, पण पहिल्यांदाच घाईतही नव्हते.

"बाई, एवढी लक्षणं होती आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"आपण विचारलं नाहीत."

"मी विचारलं होतं. 'आणखी काही?' असं स्पष्ट विचारलं होतं."

"स्तनात आणखी काही नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीप्रमाणे टेबलावरच्या पुस्तकांच्या पाठी वाचत होतो. मग ते खुर्चीला टेकून हसले, आणि हे मला त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे, की म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. गुरुवार रद्द." त्यांनी तो गोल आणि आडवी रेघ काढलेला कागद आमच्यासमोर टोपलीत टाकला आणि कोणत्या तपासण्या कुठे करायच्या ते स्वतः फोन करून ठरवलं.

पहिली तपासणी लघवीची, गाठीची ती रसायनं तिच्यात उतरतात का हे बघायला. एका दिवसाची आणि एका रात्रीची सगळी लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची, आणि त्याआधी काही दिवस केळी, टोमॅटो, अननस, अक्रोड असलं काही खायचं नाही, कारण त्यांनी तपासणीत घोटाळा होतो. हे कळल्याबरोबर नातेवाइकांनी नेमक्या याच वस्तू आणायला सुरुवात केली. अक्का खास अक्रोड घेऊन आली. ते मेंदूसारखे दिसतात म्हणून अशक्तपणावर चांगले असतात, अशी तिची माहिती होती. ही ते सगळं नम्रपणे घेऊन फडताळात ठेवी. कॅन न्हाणीघरात होता. एका लांबच्या आत्याबाईंनी हात धुऊन बाहेर येत विचारलं, "गोमूत्र घरीच साठवता का हो? उत्तम." आम्ही हो म्हणालो. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी ते कुणाकुणाला सांगितलं असतं, याचा अंदाज करणंही कठीण होतं.

तपासणीने बाईंच्या संशयाला दुजोरा दिला. मग स्कॅन. सुईतून एक किरणोत्सारी औषध देतात. ते अशाच गाठींना जाऊन चिकटतं आणि चित्रात तेवढ्याच जागा उजळतात. त्या चित्रात लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला एक बारीकसा ठिपका उजळला होता. तिथलं ते मूळ. तिथून यकृतात काही ठिपके गेले होते, आणि एक ठिपका, बाकी कुठे जागा मिळाली नाही म्हणून की काय, डाव्या स्तनात. ठिपके यकृतापर्यंत गेलेले असल्यामुळे पूर्ण बरं होण्याची आशा फार नव्हती. पण हा आजार बहुतेकदा हळू चालतो, असं डॉक्टर म्हणाले. आतड्याचं ऑपरेशन करायचं, आणि दर महिन्याला एक इंजेक्शन, ज्याने पोट आणि लाली आवरेल आणि गाठी मंदावतील. केमोची आत्ता गरज नव्हती. स्तनाला हात लावायचं कारण नव्हतं.

घरी आल्यावर फोन करायचं काम तिने माझ्याकडे दिलं नाही.

"वन्सं, गुरुवारचं ऑपरेशन नुसतं पुढे नाही गेलं, कायमचंच रद्द झालं. मूळ तिथलं नव्हतं."

"मग कुठलं?"

"आतड्यातलं. नंतर इकडे आलं."

"आतड्यातलं तिथे कसं येईल? काहीतरीच! आणि अगं, मी रजा टाकली होती."

"ती वाया नाही जायची, वन्सं. पुढच्या महिन्यात आतड्याचं आहे."

"पण मी सगळ्यांना ते सांगून बसले ना!" अक्का खरोखर हळहळली. एवढ्या व्यवस्थेनंतर आजारच बदलणं हा तिला फसवणुकीचा प्रकार वाटला.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे गेली, आणि मग असं काही घडलं की जे मी पुण्यात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. लोक गप्प बसले. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झालेली, काढून टाकून सिंहगड चढणारी बाई कुणाच्याच ओळखीत नव्हती. फॅमिली ग्रुपवर एक-दोघांनी हात जोडलेली चिन्हं टाकली आणि नंतर एक मोठी शांतता पसरली. मतं नसलेलं असं पुणं एक अख्खी संध्याकाळ होतं. आम्ही दोघांनी गॅलरीत बसून ती शांतता उपभोगली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मेहुण्यांनी लिहिलं, "आतडं म्हणजे पोट आणि पोट म्हणजे पित्त," आणि सगळे पूर्ववत झाले.

नंतर ती बरीच वर्षं जगली. शाळेत निवृत्तीपर्यंत शिकवलं. पोट पुष्कळ आवरलं. महिन्याचं इंजेक्शन कमरेला दुखायचं. शेवटी यकृताने हात टेकले, आणि ते शेवटचे महिने वाईट होते. त्यांच्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. आजाराला योग्य नाव मिळाल्याने तो बरा होत नाही, एवढं मला कळलं आहे. पण त्या मधल्या वर्षांत ती कधी 'मला काय झालंय?' असं म्हणाली नाही.

मला त्यांतला तो रद्द झालेला गुरुवार जास्त आठवतो. त्या दिवशी दोघांचीही रजा मंजूर होती आणि करायला काहीच नव्हतं. दुपारी ती म्हणाली, "चला, ब्लाउज शिवायला टाकायचाय." कपाटातून तिने एक न शिवलेलं गर्द हिरवं कापड काढलं. ते तिने कधी घेतलं होतं आणि का शिवायला टाकलं नव्हतं हे मी विचारलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका बाईंचं शिवणाचं दुकान होतं. मशीनवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, "माप आणलंय?"

"घ्या ना आता."

"नेहमीचं आहे माझ्याकडे. काही फरक आहे का?"

"फरक नाही. तरी घ्या," माझी बायको म्हणाली.

बाईंनी नाइलाजाने टेप गळ्यात अडकवली आणि पडदा ओढून घेतला. मी बाहेर पायरीवर उभा राहिलो. आतून त्यांचा आवाज आला, "हात वर करा. श्वास धरू नका, साधा घ्या. सगळ्या बायका पोट आत घेतात आणि मग ब्लाउज तटतो म्हणून माझ्याकडे येतात." मग हिचं हसणं ऐकू आलं, आणि मग गळा किती खोल घ्यायचा यावरून दोघींची चांगलीच जुंपली.